नान्नजच्या माळावर कानात पिवळा बिल्ला असलेली हरणी : कुणाची असेल?

माळावरचा

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आधीच्या रविवारी नान्नज सोडून वडाळ्याच्या बाजूला मित्राच्या रानात हुरड्याला चाललो होतो. सकाळचे सात-सव्वासात. ज्वारी संपून माळ लागतो तिथं तेरा-चौदा हरणांचा, म्हणजे काळविटांचा, कळप उभा होता. गाडी बंद केली आणि बांधाला टेकून बघत बसलो. पुढं एक काळाकुट्ट नर, पिळाच्या शिंगांचा. मागं बिनशिंगाच्या बदामी माद्या. त्यातल्या एकीच्या कानात पिवळं काहीतरी दिसलं. आधी वाटलं करडईचं फूल अडकलं असेल. तिनं मान हलवली, त्यावर ऊन पडलं आणि ते चमकलं. प्लास्टिक होतं. आपल्या गाई-म्हशींच्या कानात असतो तसा बिल्ला.

परवा गुरुवारी त्याच भागात, साधारण अर्ध्या किलोमीटरवर, पुन्हा एक बिल्लावाली मादी दिसली. रविवारी बिल्ला डाव्या हाताला होता, गुरुवारी उजव्या हाताला. म्हणजे दोन हरणं आहेत का? मी लहानपणापासून या माळावर हरणं बघतोय, पण कानात बिल्ला असलेलं एकही बघितलं नव्हतं.

वनखात्यानं मोजणीसाठी लावलाय? कुठल्या प्राणिसंग्रहालयातून आणून सोडलीत? की आणखी काही? रविवारपासून डोक्यातून जात नाही. फोटो जोडलाय, मोबाईलचा आहे, मोठा केला की फुटतो.

चिंचोळीकर

मीही बघितलीय ती! दिवाळीनंतर, ऊसतोड चालू झाली त्या सुमारास. मला वाटलं भास झाला. घरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही. धागा काढल्याबद्दल आभार, आता हा फोटो घरात दाखवतो.

कन्नाचौक_काकू

माझी लेक अमेरिकेत विस्कॉन्सिनला असते. तिच्या परसदारात पांढऱ्या शेपटीची हरणं येतात आणि त्यातल्या काहींच्या कानात असे बिल्ले असतात. तिनं चौकशी केली होती. तिकडं दोन कारणं असतात म्हणे. एक म्हणजे हरणांची शेती. तिथं हरणं पाळायची परवानगी मिळते आणि पाळलेल्या हरणाला बिल्ला घालावाच लागतो, म्हणजे कुंपण तोडून पळालं तर ओळखता येतं. दुसरं म्हणजे संशोधन. त्या राज्यात २००२ मध्ये रानातल्या हरणांत मेंदूचा एक रोग सापडला, त्यात हरीण झिजत झिजत मरतं. तेव्हापासून पाडसं धरून, कानात बिल्ला घालून, ती कुठं जातात, किती जगतात याचा माग ठेवतात. तिकडं शिकारीला परवाना असतो. शिकारीत बिल्लावालं हरीण मिळालं तर त्यावरच्या नंबरला फोन करायचा, कारण पकडताना त्याला भुलीचं औषध दिलेलं असू शकतं आणि ते मांस खाणं धोक्याचं.

आपल्याकडं हरीण पाळायची परवानगी आहे का, हे जाणकारांनी सांगावं.

वकील_पार्क_चौक

काकू, नाही. काळवीट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. पाळणं, पकडणं, बांधून ठेवणं, सगळाच गुन्हा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा तीन ते सात वर्षं आणि दंड किमान २५ हजार. संशोधनासाठी पकडून खूण करायची तरी वरपर्यंत लेखी परवानगी लागते. त्यामुळं हौस म्हणून कुणी बिल्ला लावला, ही शक्यता कागदावर तरी नाही.

हिप्परगा_पक्षी

धागाकर्त्याचं कौतुक. लोक फोटो काढतात आणि निघून जातात, तुम्ही कोणत्या हाताला बिल्ला होता हेसुद्धा लक्षात ठेवलंत.

मी पक्षी बघणारा माणूस. प्राण्याच्या अंगावर माणसाची खूण दिसली की आमच्या पोटात गोळा येतो. ती खूण म्हणजे कुणीतरी लिहिलेलं पत्र असतं आणि ते वाचून उत्तर पाठवायचं असतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्ष्यांच्या पायात वाळी घालते, त्यावर नंबर आणि संस्थेला कळवा असा मजकूर असतो. मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकादंब (हिवाळ्यात येणारे रानहंस) कर्नाटकात हिवाळ्यात दिसल्याच्या नोंदी आहेत. हिप्परग्याच्या तलावावर पट्टकादंब उतरले की मी आधी सगळ्यांच्या माना तपासतो. अजून एकही गळपट्टा मिळालेला नाही.

आपल्या नान्नजच्या माळावरही खुणेचं काम झालंय, पण लांडग्यांवर. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या लांडग्यांना रेडिओ कॉलर लावून त्यांचा अभ्यास केला होता. कॉलर गळ्यात असते. तुमच्या फोटोत गळा मोकळा आहे. आणि संशोधनाचा बिल्ला असता तर तो लांबून ओळखू यावा अशा रंगाचा किंवा मोठ्या अक्षराचा असता. हा साधा पिवळा वाटतो.

स्कॉटलंडमधल्या रम बेटावर तांबड्या हरणांचा अभ्यास १९५३ पासून चालू आहे. तिथं पाडस जन्मलं की पहिल्या काही दिवसांत हातात धरून त्याच्या कानात बिल्ला घालतात आणि मरेपर्यंत त्याची वही लिहितात. कोण कुणाची लेक, कुणाला किती पाडसं झाली, सगळं. एका हरणाचं पूर्ण आयुष्य लिहून ठेवलेलं असणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आपल्या माळावरच्या एकाही काळविटाची अशी वही नाही.

पशुवैद्य_बार्शी_रोड

फोटो बघितला. मी रोज हेच बिल्ले बघतो, त्यामुळं बोलतो.

हा जनावरांना लावतो तोच बिल्ला आहे, माझ्या मते शंभर टक्के. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ ला सुरू झाला. तेव्हापासून गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या सगळ्यांच्या कानात हा पिवळा बिल्ला येतो. त्यावर १२ आकडी नंबर आणि बारकोड. लोक त्याला जनावराचं आधार कार्ड म्हणतात. २०२४ च्या जूनपासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करायची नाही असा नियम आला. त्या आधीच्या महिन्या-दोन महिन्यांत गावोगावी जी गर्दी झाली ती मी अनुभवलीय. एका सकाळी दीडशे-दोनशे शेळ्या. पकड दाबायची, पुढची आणायची.

आता डाव्या-उजव्याचं. बिल्ल्याचे दोन भाग असतात. एकाला टोकदार खुंटी, दुसऱ्याला ती अडकायचं भोक. पकडीत धरून दाबलं की कान मध्ये येऊन दोन्ही भाग जुळतात. त्यामुळं तो कानाच्या दोन्ही बाजूंनी दिसतो. रविवारी हरणी तुमच्याकडं पाठ करून होती की तोंड करून? समोरून बघताना जनावराचा डावा कान आपल्या उजव्या हाताला येतो. दोन हरणं नसावीत. एकच असेल, दोन बाजूंनी बघितलेली.

माळावरचा

डॉक्टरसाहेब, बरोबर! रविवारी कळप पलीकडं तोंड करून चरत होता, गुरुवारी ती रस्त्याकडं बघत उभी होती. म्हणजे एकच हरणी, डाव्या कानात बिल्ला. पण मग प्रश्न मोठा झाला. शेळीचा बिल्ला हरणाच्या कानात गेला कसा?

चिंचोळीकर

प्राणिसंग्रहालयातून आलेली नसेल का?

पशुवैद्य_बार्शी_रोड

तिथं आता कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतात, ती बाहेरून दिसत नाही. कानात बिल्ला घालणारेही असतील, पण हा सरकारी पशुधनाचा बिल्ला तिथं जायचं कारण नाही.

शिक्षिका_मार्डी

एक छोटी दुरुस्ती, रागावू नका. आपण सगळे हरीण म्हणतो आणि म्हणावंच, पण विस्कॉन्सिनची हरणं आणि आपलं काळवीट ही वेगळी कुळं आहेत. चितळ, सांबर, काकूंच्या लेकीकडची हरणं यांची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, त्यांना फाटे फुटतात. काळविटाचं शिंग एकदा आलं की आयुष्यभर राहतं, त्याला फाटा नाही, पीळ असतो. माझ्या वर्गातली पोरं माळावर शिंग सापडलं की घेऊन येतात. त्यांना मी सांगते, हे गळालेलं नाही, हा प्राणी मेलाय. मग पोरं शांत होतात.

बळीराजा_उत्तर_सोलापूर

मी इथं फारसं लिहीत नाही. पण या हरणीबद्दल मला माहिती आहे, म्हणून लिहितो. गावाचं नाव आणि कुणाचं नाव सांगणार नाही, कुणी विचारू नये.

२०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या शेजारच्या रानात ज्वारीची काढणी चालू होती. पेंढ्या बांधताना बायकांना ज्वारीत एक पाडस दिसलं. दोन-तीन दिवसांचं असेल. पाय मुडपून, मान जमिनीला लावून बसलेलं. हात लावला तरी हललं नाही. आई कुठं दिसेना. त्या आठवड्यात वस्तीवरची कुत्री मोकाट सुटली होती, आदल्याच दिवशी एक शेळी फाडली होती. बाया म्हणाल्या, आईनं टाकलं, आता कुत्री खाणार. शेजारी धनगरांचा वाडा, म्हणजे शेळ्या-मेंढरांचा तळ, बसला होता. त्यातल्या आजीनं पाडस पदरात घेतलं. बिचारीच्या मनात वाईट काही नव्हतं. तिच्या एका शेळीचं करडू मेलं होतं, त्या शेळीला पाडस लावलं. शेळीनं दोन दिवस लाथा मारल्या, तिसऱ्या दिवशी पाजलं.

ते पाडस शेळ्यांत वाढलं. शेळ्यांबरोबर चरायला जायचं, रात्री वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, झोपायचं. मे महिन्यात बिल्ले मारायला माणूस आला. संध्याकाळ होत आलेली, अंधारात वाघुरातली जनावरं एकेक करून पुढं सरकवली. पाडसाचा रंग बघा, करडासारखाच बदामी. एका दाबात बिल्ला बसला. सकाळी आजीनं बघितलं तर पाडसाच्या कानात पिवळा तुकडा. मुलगा म्हणाला काढू, आजी म्हणाली कान फाटंल, राहू दे.

पुढच्या पावसाळ्यात मेंढरं माळावर असताना हरणांचा कळप आला आणि ती त्यांच्यात गेली. दोन-तीनदा परत आली, लांबून बघायची. मग आलीच नाही. आजीनं चार दिवस नीट खाल्लं नाही.

तर ही ती. आणखी कुठल्या हरणाच्या कानात बिल्ला असणार नाही.

माळावरचा

दादा, हे वाचून काय लिहावं सुचत नाही. मी वनखातं, संशोधन, परदेश असं सगळं फिरून आलो आणि उत्तर त्या वाघुरात होतं.

हिप्परगा_पक्षी

बळीराजा, तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं. आजीला बोल लावायचा नाही, पण एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढच्या महिन्यात पुन्हा काढण्या आहेत.

ते पाडस टाकलेलं नव्हतं. काळविटाची मादी पाडस जन्मलं की पहिले साधारण दोन आठवडे त्याला गवतात, पिकात लपवून ठेवते आणि स्वतः लांब चरते. दिवसातून थोड्या वेळा येते, पाजते, पुन्हा जाते. कारण ती जवळ उभी राहिली तर लांडग्याला, कुत्र्याला तिच्यावरून जागा कळते. पाडस पायांजवळ पाऊल आलं तरी हलत नाही, कारण हललं तर दिसतं. माणसाला वाटतं ते घाबरून गोठलंय किंवा आजारी आहे. खरं तर ते आईनं शिकवलेलं नाही, जन्मतःच आलेलं काम चोख करत असतं. आई त्या वेळी बहुतेक शे-दोनशे मीटरवर उभी राहून सगळं बघत असणार. लोक गेले, अंधार पडला की ती आली असती.

काढणीत पाडस दिसलं तर त्याच्याभोवतीच्या चार-पाच पेंढ्या तशाच उभ्या ठेवायच्या, कुत्री बांधायची आणि त्या दिवशी रानाच्या दुसऱ्या टोकाला काम करायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक वेळा तिथं काही नसतं, आई घेऊन गेलेली असते. पाडस जखमी असेल, त्यावर माश्या घोंगावत असतील, किंवा आई मेलेली दिसली असेल तरच १९२६ ला फोन करायचा. वनखात्याची हेल्पलाइन आहे.

बळीराजा_उत्तर_सोलापूर

हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पेंढ्या उभ्या ठेवायचं जमण्यासारखं आहे. हरणं आमचं नुकसान करतात, हरभऱ्याचे शेंडे खाऊन जातात, त्याचा पंचनामा करायला हेलपाटे मारावे लागतात, तो राग वेगळा. पण पाडसावर राग काढणारा माणूस आमच्या शिवारात नाही.

चिंचोळीकर

आता तो बिल्ला काढायचा कसा? वनखात्यानं पकडून काढायला हवा ना?

पशुवैद्य_बार्शी_रोड

नाही. कृपा करून असा आग्रह कुणी धरू नका.

काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पळतं आणि त्याचं सगळं अंग त्या पळण्यासाठीच घडलेलं आहे. त्याला दमवून, कोंडून, पाय बांधून धरलं की भीतीनं आणि ताणानं स्नायू आतून फुटायला लागतात. मूत्रपिंड त्याच्या घाणीनं बंद पडतं. जनावर सोडल्यावर उठून पळतं, आपल्याला वाटतं छान झालं, आणि तासांनी किंवा दोन-चार दिवसांनी ते मेलेलं सापडतं. मी एकदा विहिरीत पडलेलं काळवीट काढायला गेलो होतो. अंगावर ओरखडाही नव्हता. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं.

म्हणून जिथं मोठ्या संख्येनं काळविटं हलवायची असतात तिथंही हात न लावता हलवतात. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात शाजापूर भागात शेतीचं नुकसान करणारी शेकडो काळविटं हलवली. हेलिकॉप्टरनं हळूहळू वळवत नरसाळ्यासारख्या कापडी कुंपणात आणली, निमुळत्या टोकातून थेट गाडीत. त्याला बोमा म्हणतात, आफ्रिकेतली पद्धत. एका बिल्ल्यासाठी असा खटाटोप कुणी करणार नाही आणि करू नये. जखम नसेल, कानाला सूज नसेल, अळ्या नसतील, तर बिल्ला तिला त्रास देत नाही. फार तर बाभळीत किंवा तारेत अडकून एक दिवस कान चिरून निघून जाईल. ते बरं होतं.

कुणाकडं चांगला कॅमेरा असेल तर कानाचा जवळचा फोटो मिळाला पाहिजे. सूज आहे का एवढंच बघायचंय.

वकील_पार्क_चौक

फोटो काढा, पण बिल्ल्यावरचा नंबर इथं टाकू नका. तो नंबर एका घरापर्यंत जातो आणि हा धागा कुणीही वाचतं.

बळीराजा, तुमच्या ओळखीच्या त्या कुटुंबाला माझा निरोप द्या. गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून बाहेर येण्याआधी त्यांनी स्वतः वनखात्यात जाऊन सांगावी. प्राणी विकलेला नाही, मारलेला नाही, आज कळपात मोकळा फिरतोय. हे त्यांनीच सांगणं वेगळं आणि कुणी शोधून काढणं वेगळं. गरज लागली तर मी बरोबर येतो, फी नको.

हिप्परगा_पक्षी

शनिवारी पहाटे गेलो होतो. गाडीतूनच, रस्त्यावरून, कळप उठू दिला नाही. ६०० ची लेन्स होती. कानाचे सहा फोटो मिळाले. सगळे मागच्या बाजूचे, त्यामुळं नंबर दिसतच नाही आणि ते बरंच झालं. डॉक्टरांना व्यक्तिगत पाठवलेत.

एक सांगू का, ती कळपात मधोमध असते. कडेला कधीच नाही. शेळ्यांत वाढलेली म्हणून जवळ राहायची सवय असेल, की नुसता योगायोग, माहीत नाही. पण एखादी गाडी थांबली की बाकीच्या माद्या मान वर करून रस्त्याकडं बघतात. ही सर्वात शेवटी मान वर करते. याची मला काळजी वाटते. माणसाला न घाबरणारं हरीण या रस्त्यावर फार दिवस टिकत नाही. वाहनांचा वेग बघताय ना तुम्ही.

पशुवैद्य_बार्शी_रोड

फोटो बघितले. कान स्वच्छ आहे. भोकाच्या कडा सुकलेल्या, जुन्या. सूज नाही. काही करायचं नाही.

शिक्षिका_मार्डी

पोरांना ही गोष्ट सांगितली, नावं न घेता. एका मुलानं विचारलं, बाई, सरकारच्या यादीत ती शेळी आहे का? मी म्हटलं, हो, असणार. ज्वारीच्या काढणीला जाणारी आई ज्यांच्या घरात आहे अशी वर्गात अकरा पोरं आहेत. पेंढ्या उभ्या ठेवायचं त्यांना वहीत लिहून दिलंय, घरी वाचून दाखवायला सांगितलंय.

माळावरचा

शेवटचं लिहितो. १९२६ ला फोन करून जागा, वेळ, फोटो सगळं कळवलं. वनरक्षक दुसऱ्याच दिवशी येऊन बघून गेले. पकडायचं नाही, लक्ष ठेवायचं, असं त्यांचंही म्हणणं. बळीराजांच्या ओळखीतला आजीचा मुलगा वकीलसाहेबांबरोबर जाऊन जबाब देऊन आला. पुढं काय होईल ते होईल, पण तो मोकळा झाला असं बळीराजा म्हणाले.

काल संध्याकाळी बळीराजांबरोबर मी आजीकडं गेलो. वाडा आता दुसऱ्या शिवारात बसलाय. हिप्परगा_पक्षी यांनी काढलेला फोटो मोबाईलवर मोठा करून आजीच्या हातात दिला. मला वाटलं ती बिल्ल्याकडं बघेल, म्हणून मी कान दाखवायला बोट पुढं केलं. तिनं माझं बोट बाजूला केलं. पुठ्ठ्यावरून, बरगडीवरून, पायांवरून नजर फिरवली, जत्रेत जनावर बघतात तशी. बराच वेळ बघितलं.

"अंग धरलंय की गं पोरीनं," एवढंच म्हणाली आणि मोबाईल परत दिला.